देवाजवळ जायचे कोणी?

(सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक गोष्ट या गावातली जुनी माणसे अजून सांगतात. ग्रंथालयातून पुस्तक घरी न्यायला अनामत भरावी लागे. ज्या मुलांना ती परवडत नसे, त्यांची अनामत गुरुजी आपल्या पगारातून भरत. दार सगळ्यांना उघडे राहावे म्हणून पदरमोड करणाऱ्या माणसाच्या स्मृतीला आजचा विषय शोभेल, असे मला वाटते.

संयोजकांनी मला ‘हिंदू धर्माचा उगम, श्रद्धा आणि आचार’ असा विषय दिला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा १९६२ मध्ये संपला. जिथे काण्यांसारख्या पंडिताला बत्तीस वर्षे लागली, तिथे मी तासाभरात सगळे सांगण्याचा आव आणणार नाही. मी एकच प्रश्न हातात धरून या इतिहासातून चालत जाणार आहे: देवाजवळ जायचे कोणी? अधिकार कोणाचा? हिंदू धर्मात जी जी मोठी उलथापालथ झाली, तिच्या मुळाशी बहुधा हाच प्रश्न होता, असे माझे मत आहे आणि ते मी आपल्यासमोर मांडणार आहे.

अनेक उगम

या धर्माला संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही, आरंभाची तारीख नाही. त्याचा उगम एका ठिकाणी दाखवता येत नाही, कारण उगम अनेक आहेत.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे ते गाव. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी सापडली. त्या डबीबरोबर शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती होती आणि तिच्या जोडीला मातीचा बैल. त्या घरातल्या माणसांनी तिला काय नावाने हाक मारली असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण ती त्यांची देवी होती, त्यांच्या घरातच होती, आणि तिच्याजवळ जायला त्यांना कोणाला विचारावे लागत नसणार. मस्तकाच्या जागी कमळ असलेली पुढच्या काळातली लज्जागौरी पाहिली की अभ्यासकांना ही इनामगावची देवी आठवते.

दुसरा उगम उत्तरेकडे, सप्तसिंधूच्या प्रदेशातला. ऋग्वेदाची दहा मंडले आणि १०२८ सूक्ते तिथे रचली गेली. त्या धर्मात देऊळ नाही, मूर्ती नाही. उघड्यावर वेदी रचायची, अग्नी प्रज्वलित करायचा, इंद्र, वरुण, अग्नी, उषा यांना सूक्तांनी बोलवायचे, आहुती द्यायची. ही सूक्ते लिहिलेली नव्हती. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट पद्धतींनी ती पाठ करून घेत, म्हणजे एक अक्षरही हलू नये. शेकडो पिढ्यांनी केवळ कंठाच्या बळावर एवढे वाङ्मय जसेच्या तसे जपले, हे माणसाच्या बुद्धीचे केवढे मोठे कर्तृत्व आहे! त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण जे ज्ञान फक्त कंठात असते, ते कोणाच्या कानावर पडू द्यायचे हे ठरवणारा माणूसही लगेच तयार होतो. अधिकाराचा प्रश्न इथेच उभा राहिला.

कवषाची तहान

ऐतरेय ब्राह्मणात एक कथा आहे. सरस्वतीच्या काठी ऋषींचे सत्र चालू होते. तिथे कवष ऐलूष नावाचा एक जण येऊन बसला. हा दासीचा मुलगा, हा जुगारी, हा ब्राह्मण नव्हे, हा आपल्यात कसा बसतो, असे म्हणून ऋषींनी त्याला उठवले. नुसते उठवले नाही. सरस्वतीचे पाणीही त्याला मिळू नये म्हणून दूर निर्जल प्रदेशात नेऊन सोडले. तहानेने व्याकूळ झालेल्या कवषाला तिथे जलदेवतांचे सूक्त स्फुरले, आणि सरस्वती धावत येऊन त्याच्याभोवती वाहू लागली. ऋषींनी ते पाहिले. देव याला ओळखतात हे त्यांना कळले आणि त्यांनी कवषाला सन्मानाने परत बोलावले. ते सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आजही कवषाच्याच नावावर आहे.

मला या कथेचे मोल फार वाटते. ही कथा वेदांच्या विरोधकांनी रचलेली नाही. यज्ञ करणाऱ्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती आहे. ज्यांनी हाकलले, त्यांच्याच परंपरेने आपला अन्याय नोंदवून ठेवला. छांदोग्य उपनिषदात गोत्र ठाऊक नसलेल्या सत्यकाम जाबालाला गुरूने केवळ तो खरे बोलला म्हणून शिष्य केले. बृहदारण्यकात गार्गी भर सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारते. घोषा, अपाला या स्त्रियांची सूक्ते ऋग्वेदात आहेत. म्हणजे दार कधी ना कधी उघडे होते. पुढे धर्मशास्त्रकारांनी स्त्रिया आणि शूद्र यांना वेदाचा अधिकार नाही असा नियम घट्ट केला आणि कवषाच्या कथेतून काही शिकायचे असते हे ती पाठ असणारेच विसरले.

यज्ञाकडून पूजेकडे

जुन्नरजवळ नाणेघाट आहे. कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटेवरचे ते लेणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची त्यात यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांचा हिशेब आहे. पण लेखाच्या आरंभीचे नमन पाहा. धर्म, इंद्र, चंद्र-सूर्य, यम, वरुण, कुबेर यांच्या पंक्तीत संकर्षण आणि वासुदेव आहेत. म्हणजे बलराम आणि कृष्ण. जुना यज्ञधर्म आणि नवा भक्तिधर्म आपल्या सह्याद्रीच्या एकाच भिंतीवर शेजारी शेजारी कोरलेले आहेत. त्याच सुमारास मध्य प्रदेशात विदिशेजवळ हेलिओडोरस नावाच्या ग्रीक दूताने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतले. जो वंशाने ग्रीक होता, त्यालाही वासुदेवाने जवळ केले होते.

यज्ञाला राजाची तिजोरी लागते. पूजेला पान, फूल, फळ आणि पाणी पुरते, हे गीतेने सांगून टाकले. आणि स्त्रिया, वैश्य, शूद्र यांनाही परमगती आहे, हेही सांगितले. धर्माचे केंद्र यज्ञमंडपातून घरात आणि देवळात आले, हा हिंदू धर्मातला सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल.

आपल्याकडची षोडशोपचार पूजा जरा जवळून पाहू. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्प. दमून आलेल्या पाहुण्याचे आपण जे करू, तेच देवाचे करायचे. पाय धुवायला पाणी, बसायला आसन, अंगावर वस्त्र, पुढ्यात जेवण. पार्थिव गणपतीची तर दाराबाहेर जाण्याची तिथीही ठरलेली. संकल्पात पूजा करणाऱ्याने आपण कुठे आणि केव्हा बसलो आहोत हे सांगायचे, गोदावरीच्या उत्तर तीरावर की दक्षिण तीरावर हेसुद्धा. आणि एकेका उपचाराला पुरुषसूक्ताची एकेक ऋचा. ऋचा सोळा, उपचार सोळा. मूर्ती नसलेल्या काळातले सूक्त मूर्तीच्या स्नानाला म्हटले जाते. या धर्माने जुने टाकले नाही, त्याला नव्या कामाला लावले.

मात्र याच पूजेत जुनी भिंतही शिल्लक राहिली. ज्यांना वेदाधिकार आहे असे मानले, त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र. बाकीच्यांसाठी पुराणोक्त श्लोक. देव तोच, फूल तेच, पाणी तेच, आणि मंत्र मात्र यजमानाची जात पाहून. ही भिंत पुढे कोल्हापुरात कशी थरथरली, ते पुढे सांगेन.

पुरोहिताविना

पोथ्यांत अधिकाराचा काथ्याकूट चालू असताना खाली गावागावांत, घराघरांत एक वेगळाच धर्म निवांत चालू होता. त्याचे यजमानपद बायकांकडे आणि बलुतेदार-अलुतेदारांकडे होते.

भाद्रपदातल्या गौरी घ्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. कोणाच्या घरी त्या पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या, कोणाच्या तेरड्याच्या रोपांच्या, कोणाकडे साडी नेसवून उभ्या केलेल्या मुखवट्यांच्या. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले काढायची. गौर घेऊन येणारीने घरात जिथे जिथे थांबायचे तिथे घरातल्या बाईने विचारायचे आणि तिने धनधान्याने, लेकराबाळांनी आले असे सांगायचे. आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. दगड, रोप आणि मुखवटा ही देवीची तीन रूपे एकाच गल्लीत तीन घरांत दिसतात, आणि कोणतेही घर दुसऱ्याला चुकीचे म्हणत नाही. भटजींना बोलावले तर बोलावले, नाही तर सासूने सुनेला सांगितले तेच शास्त्र. ज्या बाईला वेद ऐकायची बंदी होती, तिने स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये आपला संपूर्ण धर्म उभा केला. हरतालिका, मंगळागौर, श्रावणातल्या कहाण्या यांचे श्रेय आपण तिला कधी नीट दिलेच नाही.

जेजुरीचा खंडोबा घ्या. मल्हारी माहात्म्याने त्याला मणि-मल्ल दैत्यांचा संहार करणारा मार्तंडभैरव, शिवाचा अवतार म्हटले. लोकांनी त्याला संसारी माणूस केले. त्याची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. देवानेच दोन समाजांत सोयरीक केली, म्हणून दोन्हीकडची माणसे त्याला आपला जावई म्हणून हक्काने भेटतात. गडावर भंडारा उधळला की कोणाच्या अंगावर कोणाची हळद पडली हे पाहायची सोय राहत नाही. हे सांगताना मुलींना मुरळी म्हणून देवाला सोडण्याच्या प्रथेने किती आयुष्ये उद्ध्वस्त केली, तेही सांगितले पाहिजे. लोकधर्म मोकळा होता म्हणून तो निष्पाप होता, असे समजण्याचे कारण नाही.

मराठीने उघडलेले दार

तेराव्या शतकात महाराष्ट्रात या प्रश्नाला भाषेच्या बाजूने तोंड फुटले. चक्रधरस्वामींनी आपला विचार लोकांच्या बोलीत सांगितला आणि स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. त्यांच्या शिष्यांतल्या महदाइसेचे धवळे आपल्या भाषेतल्या आद्य काव्यांत गणले जातात. पुढे चक्रधरांच्या पंथातल्या केशोबासांना संस्कृतात लिहावेसे वाटले, तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. स्वामींच्या परिवारातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यातले काही कळणार नाही, हे कारण त्यांनी दिले. धर्मग्रंथ कोणत्या भाषेत लिहावा याचा निर्णय म्हाताऱ्या बायकांची अडचण पाहून घ्यायचा! मला हा मराठी संस्कृतीतला फार थोर क्षण वाटतो.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्यातल्या एकाने गीतेचा अर्थ मराठीत सगळ्यांपुढे ठेवला. मग नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, दासी जनाबाई, चोखामेळा आणि त्याची सोयराबाई ही सगळी मंडळी एका विठ्ठलाभोवती जमली. सतराव्या शतकात बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीने तुकोबांना, एका कुणब्याला, गुरू मानले. नामाला मुहूर्त नको, दक्षिणा नको, जात नको. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा समोरचा कोण हे विचारत नाहीत. पंढरपुरात भाविकाला गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येते. अनेक मोठ्या देवस्थानांत देव दुरूनच पाहावा लागतो, हे लक्षात घेतले की या पदस्पर्शाची किंमत कळते.

पण हा पदस्पर्श सगळ्यांसाठी नव्हता. इथे थोडे थांबले पाहिजे.

सहाशे नऊ वर्षे

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले. वेठीला धरलेले मजूर म्हणून ते तिथे काम करत होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. दाराच्या बाहेर. ज्याचे अभंग आत गायले जात होते, त्याच्या माणसांना आत पाऊल टाकता येत नव्हते. आम्ही चोखोबांना संत म्हटले, त्यांच्या समाधीला नमस्कार केला, आणि त्यांच्या लेकरांना तिथूनच परत पाठवत राहिलो. हे दोन-चार वर्षे चालले नाही. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि दहा दिवसांनी मंदिर अस्पृश्यांसाठी उघडायचे ठरले, तेव्हा चोखोबांच्या मृत्यूला ६०९ वर्षे झाली होती.

मधल्या काळात भिंतीला धक्के बसत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि देव व भक्त यांच्यामध्ये दलाल कशाला, असा थेट प्रश्न केला. १८९९ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या लक्षात आणून देण्यात आले की, पंचगंगेवर त्यांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत आहे. छत्रपतींच्या गादीवरच्या राजालाही वेदोक्ताचा अधिकार नाही, असे त्यांना ऐकवले गेले. सोळा ऋचांच्या पूजेतली ती भिंत राजवाड्यापर्यंत पोचली होती. महाराजांनी तो अपमान स्वतःपुरता ठेवला नाही. राजाची ही गत, तर गावच्या महाराची काय असेल, या विचाराने त्यांनी पुढचे सारे काम केले.

आणि नाशिक. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पाच वर्षांच्या आसपास नेटाने चालवला. काठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, तुरुंगात गेले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

हा प्रसंग हिंदू धर्माच्या इतिहासाबाहेरचा आहे असे काही जण मानतात. मी तो या इतिहासाच्या मध्यभागी ठेवतो. कवषाला ऋषींनी परत बोलावले, म्हणून ती कथा ऋग्वेदाच्या गौरवाची झाली. काळारामाच्या दारातल्या माणसांना आम्ही वेळेवर बोलावले नाही. एवढी विद्वत्ता, एवढे समाजकार्य, एवढी नैतिक ताकद असलेला माणूस आणि त्याच्यामागचा सारा समाज आम्हाला सोडून गेला, याचा दोष जाणाऱ्यांकडे नाही.

आज काय करायचे

बंधुभगिनींनो, कायद्याने बरेच केले. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींतल्या इच्छुकांना पौरोहित्य शिकवले. विवाहापासून श्राद्धापर्यंतचे विधी स्त्रिया चालवतात आणि यजमान समाधानाने बसतात. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पंढरपुरातले बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. हा ठराव मला विशेष मोलाचा वाटतो, कारण न्यायालयाने सांगण्याची वाट न पाहता तो एका गावाने आपणहून केला.

उरलेली दारे आता आपल्या घरांत आहेत. हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा वहिनींना बोलावणे जात नाही. मुलाच्या लग्नात आईला, केवळ तिचा नवरा हयात नाही म्हणून, औक्षणाच्या वेळी मागे उभे केले जाते. गावच्या यात्रेत पालखीला खांदा कोणत्या आळीने द्यायचा हे अजून आडनावांवरून ठरते. यांतले एकही दार उघडायला न्यायालयाची गरज नाही. ते घरच्या सासूच्या, थोरल्या दिराच्या, देवस्थानच्या पंचांच्या हातात आहे. ही सगळी माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत.

आमचा धर्म किती प्राचीन आहे, हे आपण वारंवार सांगतो. तो प्राचीन आहेच. इनामगावची डबी, ऋग्वेदाचे कंठस्थ शब्द, नाणेघाटाची भिंत, माजघरातली गौर, विठ्ठलाचे पाय हा सगळा वारसा माझाही आहे आणि त्यावर माझे निरतिशय प्रेम आहे. पण तो टिकला, तो प्रत्येक वेळी कोणी तरी नव्या माणसाला आत घेतल्यामुळे. राणीच्या यज्ञाशेजारी वासुदेव आला, संस्कृताशेजारी मराठी आली, शास्त्रीबुवांशेजारी शिंपी, माळी, कुंभार आले, तेव्हा तेव्हा हा धर्म मोठा झाला. ज्या ज्या वेळी त्याने माणूस बाहेर ठेवला, त्या त्या वेळी तो लहान झाला. तेव्हा येत्या गौरींना, येत्या यात्रेला, घरातल्या येत्या कार्याला आपापल्या घरी आणि देवळात एकदा विचारा की इथे कोण बाहेर उभे आहे, आणि त्या माणसाला नाव घेऊन आत बोलवा.